नऊ दारं

सोमवारी ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. शनिवारी दुपारी हे नेहमीसारखे क्लबात माहजोंग हा सोंगट्यांचा खेळ खेळायला निघाले, तेव्हा मीही सोबत गेले आणि ह्यांच्या मागे खुर्ची टाकून बसले.

तिसऱ्या डावात ह्यांच्या हातात ‘नऊ दारं’ नावाचा डाव जुळत आला. सगळ्या सोंगट्या एकाच जातीच्या. त्याच जातीची आणखी कुठलीही एक मिळाली, अगदी दुसऱ्याने टाकलेली उचलली तरी, डाव आपला आणि सगळ्यांत जास्त गुण. चाळीस वर्षं खेळून हा डाव ह्यांना एकदाही लागला नव्हता. जुने खेळाडू म्हणतात, नऊ दारं लागली की तो माणूस फार दिवस राहत नाही. हे त्यावर नेहमी हसायचे.

समोरच्या होंमांनी नेमकी हवी ती सोंगटी टाकली. ह्यांनी ती उचललीच नाही. डाव दुसऱ्यानेच जिंकला. ह्यांनी आपल्या सोंगट्या पालथ्या करून ढिगात मिसळून टाकल्या.

“तेत्सुओ, आज लक्ष कुठंय तुझं?” होंमा म्हणाले. “डॉक्टरला घाबरलास की काय?”

“घाबरलो बाबा,” हे म्हणाले.

परतताना बसमध्ये मी विचारलं, “अहो, तुम्ही तर असलं काही मानत नाही ना?”

“मी कुठं मानतो?”

“मग हातातला डाव सोडलात कशाला?”

“होंमा मानतो. परवा माझं काही बरंवाईट झालं, तर ती सोंगटी आपणच टाकली म्हणून तो जन्मभर झुरत बसेल.”