राजा आणि तिर्री

"हरलीस तर सोमवारपासून घरी बसायचं," दादा म्हणाला आणि पत्ते तिच्यापुढे सरकवले. "मग कटकट नाही, रुसणं नाही. कबूल?"

तिने जेवणाच्या डब्याचं झाकण लावलं, हात पुसले आणि पानं पिसायला घेतली.

बाइंडिंगच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांवर बहीणभावाचा पोकर रोज रंगायचा. दोघांचाच. हातात दोन-दोन पानं, मध्ये दोघांसाठी पाच उघडी, आणि डावावर लावायला रजिस्टरच्या पुठ्ठ्यांना बसवतात ते पितळी कोपरे. रोज दादाच जिंकायचा, आणि हसतहसत कोपरे परत डब्यात ओतायचा. पण या आठवड्यात दाराशी शिलाईचं नवं मशीन येऊन पडलं होतं, अजून खोक्यातच. ती दोन दिवसांत जेवढी पुस्तकं शिवायची तेवढी ते तासाभरात शिवणार होतं. "आता कशाला बोटांना सुया टोचून घेतेस? घरी सुखात राहा," असं दादाने सुरू केलं होतं. मशीन मी चालवते, असं तिने तीनदा सांगितलं. तीनदा तो हसला. आज चौथ्यांदा सांगितलं तेव्हा त्याने ही पैज काढली; ती जिंकली तर मशीन तिचं. बहिणीला आपण पुरतं ओळखतो असा त्याचा समज होता.

तो समज चार महिन्यांपूर्वीपर्यंत खराही होता. तेव्हा तिने उरल्यासुरल्या कागदांची एक वही शिवली आणि रोजचा प्रत्येक डाव तीत उतरवायला लागली. दादाची एखादी खोड हाती लागेल म्हणून. लागली ती स्वतःचीच. दहातले आठ डाव ती टाकून देत होती. बरी पानं आली तरी दादाने मूठभर कोपरे पुढे लोटले की गप्प माघार. परवा तिने ती वही कटिंग मशीनवरच्या काकांना दाखवली. काकांनी चष्मा वर करून पानं उलटली.

"चौघांत बसलीस तर चांगल्या पानांची वाट बघ," ते म्हणाले. "दोघांत कसली वाट बघतेस? दर डावाला आधी एक कोपरा तर मध्ये ठेवावाच लागतो. तो तुला हरवत नाहीये, पोरी. तूच झिजून संपतेयस."

आज तिने झिजायचं नाही असं ठरवलं होतं. छक्की-अठ्ठी आली तरी तिने कोपरे वाढवले. दादाने भुवई उंचावली आणि डाव सोडून पानं टाकली. पुढच्या डावाला पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र त्याच्याकडे एक्क्यांची जोडी निघाली आणि तिचे निम्मे कोपरे गेले.

"बघ," तो म्हणाला. "उगाच अंगात आणायचं नसतं."

तिचा हात थांबला नाही. एकेक डाव लढवत तिने कोपरे परत ओढले. सुट्टी संपायला दहा मिनिटं उरली तेव्हा दोघांपुढचे ढीग जवळपास सारखे होते आणि दादाचं हसू आटलं होतं. कटिंगचे काका काम नसताना कटिंग मशीनला तेल घालत उभे होते.

मग हा डाव आला. तिच्या हातात इस्पिकचा राजा आणि बदाम तिर्री. मध्ये नव्वी, दुर्री, सत्ती, गुलाम आणि शेवटी चव्वी. साधी जोडीसुद्धा जमली नव्हती.

दादाने आपली पानं पालथी ठेवली आणि सगळा ढीग दोन्ही हातांनी मध्ये लोटला. एकदोन कोपरे घरंगळत तिच्या मांडीवर पडले.

"टाक गं," तो म्हणाला. आवाजात मायाच होती. "कशाला ताणतेस?"

त्या मायेनेच तिचं टाळकं सटकलं. घरी सुखात राहा, हे तो याच आवाजात म्हणायचा. वहीत असे डाव पानोपानी होते, आणि प्रत्येकापुढे तिच्याच अक्षरात 'टाकली' असं लिहिलेलं. दादाला चांगल्या पानांची गरजच नव्हती. ती टाकणार, एवढं ठाऊक असलं की त्याचं भागत होतं.

तिने मांडीवरचे कोपरे उचलून मध्ये ठेवले. त्यावर स्वतःचा सगळा ढीग सारला.

"बघते," ती म्हणाली. "उघड."

दादा उघडेना. तिने आपली पानं आधी उघडी केली. राजा आणि तिर्री.

दादाने त्या पानांकडे बघितलं. मग आपली उघडली. राणी आणि अठ्ठी. दश्शी आली असती तर ओळ लागली असती. आली नव्हती.

काकांनी तेलाची बुधली खाली ठेवली.

"नुसता राजा?" दादा म्हणाला. "नुसत्या राजावर तू सगळं लावलंस?"

"हो."

"आणि माझ्याकडे जोडी निघाली असती तर? साधी दुर्रीची जोडी?"

"तर हरले असते."

"मग?"

"मग काय? तरीही घरी बसले नसते."

दादा काहीतरी बोलणार होता, पण सुट्टी संपल्याची घंटा झाली. ती उठली, साडीचा पदर खोचला आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"ऊठ, दादा," ती म्हणाली. "तू बसलायस ते पुठ्ठे मला लागणार आहेत."