शंभराव्या किलोमीटरचा थांबा

तारेवरून अंतराळात चढणारा आकाशपाळणा शंभराव्या किलोमीटरवर थांबला आणि भरदुपारी खिडकीबाहेर काळोख पसरला.

"परत जायचं असेल त्यांनी इथेच उतरा. यापुढे सहा दिवस उतरता येणार नाही," सेविका म्हणाली.

रमजानभाई शिकलगार पिशवी उचलून उभे राहिले. त्यांची हयात मिरजेत सतारीला तारा चढवण्यात गेली होती आणि चाळीस वर्षांचे रविवार वाचक मंडळात विज्ञानकथा वाचण्यात. मंडळाची रीत अशी, की कथा संपली की शेवटच्या पानावर प्रत्येकानं 'होईल' किंवा 'होणार नाही' लिहून सही करायची. आकाशाला टांगलेल्या पाळण्याच्या कथेवर एकट्या भाईंनी 'होईल' ठोकलं होतं. आता तशाच खऱ्या पाळण्यातून ते भिऊन उतरायला निघाले होते.

"माघारी फिरणाऱ्या नायकाला तुम्ही पळपुटा म्हणायचात," मंडळातल्याच इंदूताई कोठावळे शेजारून म्हणाल्या.

"तो कागदावर होता, ताई. त्याच्या बापाचं काय जात होतं?"

उतरणाऱ्यांच्या रांगेत भाईंनी भिंतीला डोकं टेकलं. भिंतीत सूर होता. पाळणा जिला धरून चढत होता, ती समुद्रापासून चांदण्यांपर्यंत ताणलेली तार खर्जात गात होती, अगदी संथ, कुठेही न तुटता. इतक्या कथा वाचल्या, पण एकाही शहाण्यानं हे लिहिलं नव्हतं. हातातली पिशवी कधी गळाली, ते त्यांना कळलंच नाही.

"आजोबा, दार लावतेय. उतरताय ना?"

"गप बस जरा, पोरी," भाई डोळे मिटून म्हणाले. "ऐकू दे."