अठरा डिग्रीवरचा फ्लास्क

“शेकर अठरा डिग्रीवर कुणी ठेवला?” सबनीस मॅडमनी लॅबमध्ये येताच विचारलं.

शेजारच्या लॅबनं. काल त्यांच्यानंतर मी माझा जीवाणूंचा फ्लास्क त्या सतत हलणाऱ्या पेटीत ठेवला आणि तापमान न बदलताच घरी जाऊन झोपले. माझे जीवाणू सदतीसवर भराभर वाढतात. आम्हाला हवं ते एन्झाइमही ढीगभर बनवतात, पण त्याचा नुसता निकामी गोळा होतो. दोन वर्षं हेच चाललंय.

जेमतेम गढूळ झालेला फ्लास्क बघून मॅडम म्हणाल्या, “एवढ्याशा वाढीत काय मिळणार? टाकून दे.”

नवा फ्लास्क लावायचं त्राण नव्हतं. सवयीनं हेच जीवाणू फोडले, अर्क परीक्षानळीत घातला. रंग बदलायची आशा मी केव्हाच सोडली होती. नळी हळूहळू पिवळी झाली. एन्झाइम चक्क काम करत होतं.

मॅडम स्टूल ओढून शेजारी बसल्या. “सावकाश वाढले, म्हणून नीट बनवलं त्यांनी. तुला सुचलं कसं हे?”

“सुचलं नाही, मॅडम. दमले होते.”

मॅडम नळीकडेच बघत होत्या. “आता हेच आणखी दोनदा यायला हवं.”

“येईल,” मी म्हणाले. “तेवढा थकवा अजून शिल्लक आहे.”