बसायचा खड्डा

खड्डा पुन्हा बुजलेला होता. म्हाताऱ्या तापलेलेईने कमरेवर हात ठेवून अंगणातल्या कोंबड्यांचा उद्धार केला.

रोज सकाळी ती झाडाखाली बाळाच्या बुडाएवढा खड्डा खणायची, कडेने जुनं ब्लँकेट लावायची आणि नातवाला, किबेतला, त्यात बसवायची. दुपारपर्यंत उचलू नकोस, असं सुनेला बजावून शेतावर जायची. केनियातल्या किप्सिगिस लोकांची पोरं अशीच बसायला शिकतात. तिची सातही पोरं पाचव्या महिन्यात बसली होती. हे ठाऊक नाही असं माणूस तिने गावात ठेवलंच नव्हतं. किबेत मात्र सहावा सरला तरी कलंडत होता.

"हात म्हातारे झाले गं तुझे," शेजारची एस्ता कुंपणावरून म्हणायची.

"जीभ नाही झाली अजून, ये इकडे."

मुलगा एल्काना दूरच्या नैवाशा शहरातून दर रविवारी फोन करायचा. तिथल्या फुलमळ्यात त्याने बायकोसाठी काम बघून ठेवलं होतं. पोर बसतं झालं की ते आजीजवळ राहणार, सून तिकडे जाणार. तापलेलेईला हे मनापासून पसंत होतं. सुनेच्या हातची मक्याच्या पिठाची उगाली तिला कधी रुचली नव्हती, आणि नातू अख्खा तिच्या वाट्याला येणार होता.

त्या दिवशी ती पाण्याला गेली, पण झऱ्यावर गर्दी, म्हणून रिकाम्या हंड्यानेच लवकर परतली. सून चेरोनो गुडघे टेकून दोन्ही हातांनी खड्ड्यात माती लोटत होती. किबेत तिच्या पाठीला बांधलेला, गाढ झोपलेला.

चेरोनोचे हात थांबले. "हा बसला की मला जावं लागेल, आई."

"खड्डा बुजवून पोर बसायचं राहतं होय, येडे? सरक."

तापलेलेईने कुदळ घेतली आणि खड्डा नव्याने खणला. मग ती शेतावर गेलीच नाही. रोज नातवाजवळ ठाण मांडून बसू लागली.

पुढे एका रविवारी फोन वाजला, तेव्हा किबेत सपाट जमिनीवर ताठ बसून पातेल्यावर डाव बडवत होता. मागे ब्लँकेट नाही, कुणाचा हात नाही. चेरोनो दारात उभी होती. तिचं गाठोडं कालच बांधून झालं होतं.

"बसला का गं, आई?" एल्कानाने विचारलं.

कुंपणापलीकडे एस्ताचा झाडू थांबला.

तापलेलेईने नातवाच्या हातातला डाव हळूच काढून घेतला.

"नाही रे," ती कुंपणापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "एस्ता म्हणते तेच खरं. हात म्हातारे झाले माझे."