खिरापतीची अट

"आधी वहीत इमेलचा पत्ता लिहा, मग खिरापत," कीर्तन संपताच खोबरं-साखरेचं तबक अडवून धरत देवस्थानचे विश्वस्त म्हणाले. श्रोत्यांना, गाव सोडून गेलेल्यांनाही, कीर्तनकार ताई दर सोमवारी निरूपणाचं पत्र इमेलने पाठवत. यादी वाढली नाही तर ते पत्र बंद करू, असं विश्वस्तांनी ताईंना बजावलं होतं.

रांगेतल्या आजी म्हणाल्या, "माझं घर मारुतीच्या मागं. तेवढंच लिही, बाबा."

"मग बाजूला व्हा, आजी."

ताईंनी गळ्यातला हार उतरवला, विश्वस्तांच्या हातून तबक घेतलं आणि आजींची ओंजळ भरली.

"ताई, अशानं पत्र बंद पडेल."

"पडू दे. कथा ऐकली, त्याला खिरापत." ताईंनी पुन्हा मूठ भरून विश्वस्तांपुढे धरली. "हात पुढे करा, काका. ऐकत तर तुम्हीही होतात."