अलॉयची चाकं

धरणातून पाणी सोडल्याचा भोंगा वाजला तेव्हा मोतीरामची जीप नदीच्या कोरड्या पात्रात मधोमध अडकली होती. खडकावर आदळून पुढच्या चाकाची अलॉयची रिम तडकली होती आणि टायर बसला होता. स्टेपनी गेल्याच आठवड्यात तशीच फुटली होती. मागच्या सीटवर त्याची बायको सुगंधा होती, पायाला प्लास्टर घातलेली.

"स्टीलची घ्या, वाकली तरी ठोकून सरळ करता येतात," चाकं घेताना ती दुकानात म्हणाली होती. तो अलॉयच्या चकाकीवर भाळला होता.

त्याने गाडी रेटून पाहिली, पण चाक वाळूत आणखीच रुतलं. तोवर पाणी जीपच्या पायरीला लागलं.

"तुम्ही निघा जी, दोघांनी कशाला मरायचं?" सुगंधा म्हणाली.

तिला पाठीवर घेऊन तो पाण्यात उतरला. गुडघ्याचं पाणी कमरेला, मग छातीला आलं. प्लास्टर भिजून जड झालं, पण त्याने पकड सोडली नाही.

काठावर चढून त्याने मागे पाहिलं, तर जीप कलंडून वाहून चालली होती.

"तुझं ऐकायला पाहिजे होतं," तो रडत म्हणाला.

"मग आता तरी ऐका. मला खाली ठेवा."

ती अजून त्याच्या पाठीवरच होती.