एकच चूक

घाटकोपरच्या स्पोकन इंग्लिश क्लासचा होमवर्क ठरलेला होता. घरी दोन मिनिटं बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, मग ते ऐकून आपल्याच चुका वहीत लिहायच्या. या वेळचा विषय होता, ‘माझं कुटुंब’.

दर्शनाने एकच चूक लिहून आणली: ‘माय हजबंड सपोर्ट्स मी.’

तिच्या मोबाइलवरचं रेकॉर्डिंग बारीक आवाजात ऐकत सर सगळ्यांसमोर खेकसले, “अहो ताई, दहा ठिकाणी माती खाल्लीत ती दिसली नाही, आणि जे एक वाक्य बरोबर आहे तेच चूक म्हणून लिहिलंत? लक्ष कुठे असतं तुमचं?”

“बोलताना तिकडे लक्ष नव्हतंच सर, सवय झालीये. ऐकताना गेलं,” म्हणत तिने मोबाइलचा आवाज वाढवला.



तिच्या इंग्लिशच्या मागून नवरा ओरडत होता, “गप ए भवाने! चाळिशीत इंग्लिश झाडतेस? थोबाड फोडीन!”